सोलापुरात कमी बजेटचा गेमिंग पीसी: पार्ट कोणत्या क्रमाने निवडायचे

गेमिंग पीसी घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. "आय-सेव्हनच घ्यायचा" हे आधी ठरतं, मग दिव्यांचं कॅबिनेट पसंत पडतं, आणि ग्राफिक्स कार्डाची पाळी येईपर्यंत खिशात चार जीबीच्या कार्डापुरतेच पैसे उरतात. एसएमपीएस (पीसीच्या पार्टना वीज पुरवणारी पेटी) दुकानदार देईल तो. यूपीएसचा विषय निघतच नाही. मग दोन महिन्यांत रडगाणं सुरू होतं: एवढे पैसे घातले तरी गेम अडकतो, किंवा ऐन मेमध्ये पीसी आपोआप बंद पडतो.

यातले बरेच पार्ट वाईट नसतात. निवडण्याचा क्रम उलटा असतो. कोणता गेम, कोणती स्क्रीन, त्या स्क्रीनला कोणतं कार्ड, त्या कार्डाला कोणता प्रोसेसर, त्या प्रोसेसरला कोणता बोर्ड, असं एकेक पायरी मागे यायचं असतं. वीज आणि उष्णतेचे पैसे मात्र सगळ्यात आधी बाजूला काढायचे.

## १. दुकानात जाण्याआधी कागदावर काय लिहायचं

पहिली ओळ गेमची. पुढची दोन वर्षं खरोखर खेळणार आहात ते तीन-चार गेम लिहा. व्हॅलोरंट आणि सीएस-२ सारखे गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतात आणि साध्या कार्डावरही चांगले पळतात. सायबरपंक किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ सारखे गेम सगळा जोर कार्डावर देतात. दोन्ही प्रकारांना एकच पीसी चालतो, पण पैसा कुठे जास्त घालायचा हे या ओळीवर ठरतं.

दुसरी ओळ स्क्रीनची. घरात जुना ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं म्हणजे फ्रेम दाखवणारा) मॉनिटर असेल आणि तो बदलणार नसाल, तर १४४ फ्रेम काढणाऱ्या कार्डाचे पैसे वाया जातात. मॉनिटर ६० च्या वर दाखवूच शकत नाही. बजेट कमी असेल तर १०८० पी (फुल एचडी) आणि १०० ते १४४ हर्ट्झ यावर थांबा. १४४० पी ची स्क्रीन घेतली की कार्डाचा खर्च लगेच वरच्या पायरीवर जातो.

तिसरी ओळ, घरात आधीपासून काय आहे: मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस, जुनी हार्ड डिस्क.

चौथी ओळ पीसी ठेवण्याच्या खोलीची. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली? पत्र्याची खोली? समोर डेझर्ट कूलर? पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्याशेजारी? याचं कारण कॅबिनेटच्या टप्प्यात येईल.

तपासा: बजेट ठरवताना ते फक्त सीपीयूचं (म्हणजे कॅबिनेट आणि त्यातले सगळे पार्ट) आहे की मॉनिटर, यूपीएस आणि विंडोज धरून आहे, हे स्पष्ट लिहा. पार्टवर १८ टक्के जीएसटी असतो; दुकानदार तोंडी सांगतो तो भाव जीएसटी धरून आहे का, हे पहिल्याच वाक्यात विचारा. निम्मे गोंधळ इथेच होतात.

## २. पैशांची वाटणी

मॉनिटर आणि यूपीएस वेगळे ठेवून, फक्त सीपीयूच्या रकमेची मी सुचवतो ती वाटणी अशी: ग्राफिक्स कार्डाला ३५ ते ४० टक्के, प्रोसेसरला १५ ते १८, मदरबोर्डला १२ च्या आसपास, रॅम आणि एसएसडी मिळून २० च्या आसपास, एसएमपीएसला ८, आणि उरलेलं कॅबिनेट व पंख्यांना.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी प्रचंड वाढली. त्यामुळे रॅमचा वाटा या हिशोबाच्या वर जाऊ शकतो. तो वरचा खर्च कॅबिनेटमधून, नाहीतर प्रोसेसर एक पायरी खाली आणून काढा. एसएमपीएसच्या पैशांना हात लावू नका.

पार्टचे भाव आठवड्याला हलतात. म्हणून कोटेशन घेतलं की त्यावर तारीख आणि "किती दिवस लागू" हे लिहून घ्या.

## ३. घरातली वीज आधी तपासा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात, आणि पीसी जळण्याच्या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

जिथे पीसी लागणार त्या प्लगचं अर्थिंग वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास हवा, फेज-अर्थ जवळजवळ तेवढाच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असलेला बरा. न्यूट्रल-अर्थ दहा-पंधरा दाखवत असेल, किंवा फेज-अर्थवर काहीच येत नसेल, तर अर्थिंग नावालाच आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या याच कारणाने.

सावधान: हे माप स्वतः घेऊ नका. आणि तीन पिनांची दोन पिन करणारा अडॅप्टर पीसीला कधीही लावू नका.

मग यूपीएस. यूपीएसवरचा आकडा व्हीएमध्ये असतो, वॅटमध्ये नाही. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. आपला हिशोब करून बघा: आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर पूर्ण भारावर ८० ते ११७ वॅट, बोर्ड-रॅम-पंखे मिळून ५०, मॉनिटर ३०. बेरीज २९२ ते ३२९ वॅट झाली, आणि एसएमपीएसमध्ये जो थोडा वाया जातो तो वेगळा. गेम चालू असताना लाईट गेली, तर ६०० व्हीएचा यूपीएस ओरडून तिथेच बंद पडण्याची शक्यता मोठी. १००० व्हीएच्या आसपासचा, वॅटचा आकडा ५५०-६०० असलेला यूपीएस बघा. त्याचं काम गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करायला पाच-सात मिनिटं देणं एवढंच आहे. लाईट नसताना त्यावर खेळत राहायचं नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो साईन वेव्हचा आहे का बघा आणि यूपीएस मोडवर ठेवा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगला एसएमपीएसही कुरकुरतो.

## ४. ग्राफिक्स कार्ड

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते.

पहिला नियम: नव्या पीसीसाठी ८ जीबीपेक्षा कमी मेमरीचं कार्ड घेऊ नका. मेमरी कमी पडली की गेम सरासरी बरा दाखवतो, पण मध्येच झटके खातो, आणि तो त्रास सेटिंग कमी करूनही पुरता जात नाही.

दुसरा नियम याच्या उलट वाटेल, पण दोन्ही लागतात: नुसती मेमरी बघून कार्ड घेऊ नका. जीटी ७३० सुद्धा ४ जीबीमध्ये मिळतं, आणि ते गेमिंग कार्ड नाहीच. "चार जीबी ग्राफिक्स" हे शब्द ऐकले की पुढचा प्रश्न एकच: कार्डाचं पूर्ण नाव काय?

पूर्ण नावातही मेख असते. आरटीएक्स ३०५० नावाची दोन कार्डं आहेत. २०२२ चं ८ जीबीचं आणि २०२४ चं ६ जीबीचं. सहावालं फक्त मेमरीत कमी नाही. त्यात कोर कमी आहेत, मेमरीचा रस्ताही १२८ बिटऐवजी ९६ बिटचा आहे. आरटीएक्स ३०६० चंही तसंच: १२ जीबीचं वेगळं, ८ जीबीचं हळू. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ अशा दोन्ही रूपांत येतात. त्यामुळे कोटेशनवर नाव आणि जीबी दोन्ही लिहून घ्या.

१०८० पी साठी मी विचारात घ्यावीत म्हणतो ती कार्डं: अगदी आवळत्या बजेटात आरएक्स ६६००, त्याच्या वर आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६०, थोडे पैसे जास्त असतील तर आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड भावात मोहात पाडतं, आणि चांगलंही आहे, पण दोन अटींवर: बोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू असला पाहिजे आणि प्रोसेसर नव्या पिढीचा हवा. जुन्या प्रोसेसरवर ते आपला वेग गमावतं. जुन्या सीपीयूत टाकण्यासाठी ते घेऊ नका.

आरएक्स ६५०० एक्सटी चार जीबीचं टाळाच. ते मदरबोर्डशी फक्त चार लेनने (माहितीच्या चार रस्त्यांनी) बोलतं. जुन्या पीसीआय ३ च्या (कार्डाच्या स्लॉटची जुनी, हळू पिढी) बोर्डावर त्याचा वेग आणखी पडतो.

कंपनीच्या नावावर भांडत बसू नका. एकाच चिपचं दोन पंख्यांचं साधं मॉडेल आणि तीन पंख्यांचं दिवेवालं मॉडेल यांच्यात फ्रेमचा फरक नगण्य असतो. त्या फरकाच्या पैशांत एसएसडी दुप्पट होते.

तपासा: कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि पॉवरची पिन सहाची की आठची, हे लिहून ठेवा. पुढे कॅबिनेट आणि एसएमपीएस निवडताना लागेल.

## ५. प्रोसेसर

कार्ड ठरलं, आता त्याला पुरेल एवढाच प्रोसेसर. वर सांगितलेल्या कार्डांना सहा कोरचा प्रोसेसर पुरतो: रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ. बजेट जरा सैल असेल आणि पुढे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर एएम५ सॉकेटवर (रायझनची बोर्डावरची नवी बैठक) रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००. एएम५ ला डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) रॅमच लागते, त्यामुळे रॅमचे भाव चढलेले असताना हा पर्याय महाग पडतो. घरात चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर जुन्या सॉकेटवर राहण्यात शहाणपण आहे.

नावातल्या अक्षरांकडे लक्ष द्या. ५६००, ५५०० आणि ५६००जी हे तीन वेगळे प्रोसेसर आहेत. ५६०० मध्ये ३२ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, बाकी दोघांत १६. शिवाय ते दोघे पीसीआय ३ वरच चालतात. वेगळं कार्ड लावणार असाल तर ५६०० घ्या. आज कार्डाचे पैसेच नाहीत, सहा महिन्यांनी घेऊ, असं असेल तर ५६००जी ठीक, कारण त्यात ग्राफिक्स आतच आहे. पण तोपर्यंत हलक्या गेमवर समाधान मानायचं.

इंटेलच्या नावामागचा "एफ" म्हणजे आत ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही. याचा अर्थ कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं की ते परत येईपर्यंत पीसी काळी स्क्रीन दाखवत पडून राहणार. सोलापुरातून कार्ड बऱ्याचदा पुण्या-मुंबईला जातं आणि आठवडे लागतात. त्याच पीसीवर कोणाचा कॉलेजचा अभ्यास किंवा घरचं काम चालत असेल, तर थोडे जास्त देऊन बिगर-एफ १२४०० किंवा रायझन ५ ७६०० घ्या. मला हा खर्च पटतो.

## ६. मदरबोर्ड

प्रोसेसरच्या सॉकेटचाच बोर्ड, हे उघड आहे. चुका त्याच्या पुढे होतात.

१२४००एफ चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, आणि नावात फरक एखाद्या अक्षराचा असतो. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, जोर लावला तर स्लॉट तुटतो. एच६१० बोर्डाला रॅमचे दोनच स्लॉट असतात. तिथे सुरुवातीला आठची एकच पट्टी लावायचा मोह टाळा.

रायझन ५ ५६०० साठी बी५५० घ्या. ए५२० स्वस्त पडतो, पण तो पीसीआय ३ पर्यंतच आहे. आरएक्स ६६००, ७६०० आणि आरटीएक्स ४०६० ही कार्डं आठच लेन वापरतात, म्हणून मेमरी भरल्यावर पीसीआय ३ वर ती जास्त अडखळतात. जुना साठा असलेला बी४५० किंवा बी५५० बोर्ड बायोस (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय हा प्रोसेसर ओळखत नाही असंही होतं. दुकानातच पीसी चालू करून घेणार असाल तर तो दुकानदाराचा प्रश्न. ऑनलाइन घेऊन घरी जोडणार असाल तर तुमचा.

प्रोसेसरशेजारच्या वीजपुरवठ्याच्या भागावर धातूचा हीटसिंक असलेला बोर्ड निवडा. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो नुसता शोभेचा नसतो.

## ७. रॅम आणि एसएसडी

१६ जीबी घ्यायची तर आठ-आठच्या दोन पट्ट्या, एकाच पाकिटातल्या. एकट्या सोळाच्या पट्टीपेक्षा गेममध्ये फरक स्पष्ट दिसतो. डीडीआर४ असेल तर ३२०० चा वेग, डीडीआर५ असेल तर ६००० च्या आसपास.

एसएसडी १ टीबीची घ्या, एनव्हीएमई प्रकारची. रेड डेड २ एकटाच १५० जीबी मागतो. ५१२ ची एसएसडी विंडोज आणि तीन-चार गेममध्ये भरते आणि काठोकाठ भरली की मंदावते. एम.२ आकाराच्या काही एसएसडी आतून साटा (जुन्या, हळू प्रकारच्या) असतात, म्हणून पाकिटावर "एनव्हीएमई" शब्द शोधा. पिढी तिसरी की चौथी यावर गेमसाठी डोकं शिणवू नका.

## ८. एसएमपीएस: लेबल वाचायला शिका

एसएमपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "४५० वॅट" लिहिलेलं असतं. त्याकडे बघू नका. पेटी उलटी करा, बाजूच्या चिकटपट्टीवर एक तक्ता असतो. त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि त्याखाली अँपिअर किती ते वाचा. बाराने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर दोघांचीही वीज याच रकान्यातून येते.

स्वस्तातल्या एखाद्या "४५० वॅट" पेटीवर १२ व्होल्टखाली १६ अँपिअर छापलेले सापडतात. सोळा गुणिले बारा, १९२ वॅट. आपल्या कार्ड आणि प्रोसेसरची बेरीजच २१० ते २५० आहे. म्हणजे हा एसएमपीएस पहिल्याच जड गेममध्ये हात टेकणार, आणि काही वेळा जाताना बोर्डालाही घेऊन जाणार. चांगल्या ५५० वॅटच्या पेटीवर याच रकान्यात ४२ ते ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे पाचशेच्या वर.

वर सांगितलेल्या कार्डांसाठी ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का), पाच वर्षांच्या आसपास वॉरंटी, एवढं धरून चाला. आठ पिनची पीसीआयची वायर पेटीतून थेट आलेली हवी. दोन मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या वायरींवरून) जोडून दिलेली चालणार नाही.

सावधान: प्रोसेसरची आठ पिनची वायर आणि कार्डाची आठ पिनची वायर दिसायला सारखी, पण आतली जोडणी उलटी असते. बसत नसेल तर दाबू नका. आणि मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसची वायर दुसऱ्या एसएमपीएसला कधीच लावू नका.

"कॅबिनेटसोबत एसएमपीएस फ्री" असं कोणी म्हणालं तर कॅबिनेट घ्या, एसएमपीएस तिथेच ठेवा.

## ९. कॅबिनेट आणि गारवा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. स्लॅबखालच्या बंद खोलीत दुपारी गार हवा नसतेच. पंखा कितीही मोठा असला तरी तो खोलीच्या तापमानाखाली काही नेऊ शकत नाही. गार गावात नीट चालणारा पीसी इथे जास्त तापतो तो यामुळे. म्हणून समोर काच असलेलं कॅबिनेट टाळा. समोर जाळी हवी, जाळीमागे काढून धुता येणारी गाळणी हवी, आणि किमान तीन पंखे: दोन समोरून हवा आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा. कॅबिनेटच्या माहितीत कार्डाची कमाल लांबी आणि कूलरची कमाल उंची दिलेली असते; चौथ्या टप्प्यात लिहिलेली लांबी इथे ताडून बघा.

प्रोसेसरसोबत येणारा कूलर १२४००एफ आणि ५६०० ला चालतो, पण आवाज करतो. पैसे उरले तर साधा टॉवर एअर कूलर घ्या. या प्रोसेसरांना लिक्विड कूलरची गरज नाही.

जागेबद्दल दोन गोष्टी. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्या हवेत ओल असते, बारीक तुषार असतात, आणि पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरा थर धरतात. आणि यंत्रमागांच्या वस्तीत सुताचे तंतू हवेत उडत असतात, ते गाळणीवर आणि कार्डाच्या पंख्यांत नमद्यासारखे बसतात. तिथे गाळणी महिन्याऐवजी पंधरवड्याला धुवा. टेबलाच्या बंद कप्प्यात पीसी कुठेच ठेवू नका.

## १०. कोटेशन हातात आलं, आता वाचा

बाजारात फिरणारं एक नेहमीचं कोटेशन घेऊ:

"आय-७ प्रोसेसर, एच६१ बोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, चार फॅन."

कानाला भारदस्त वाटतं. आता एकेक शब्द. एच६१ बोर्ड म्हणजे प्रोसेसर इंटेलच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, २०११-१२ च्या सुमाराचा. त्या बोर्डावर रॅम डीडीआर३. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी) लागतात. "४ जीबी ग्राफिक्स" ला नाव नाही. एसएमपीएसला कंपनी नाही. नवीन की जुना, हा शब्द पूर्ण कागदावर कुठेच नाही. खरं म्हणजे या कागदावर नेमका असा एकच पार्ट आहे: पंखे चार.

तुम्हाला हवं ते कोटेशन असं दिसतं: प्रोसेसर रायझन ५ ५६००, सीलबंद खोक्यातला. बोर्ड बी५५०, कंपनी आणि पूर्ण मॉडेल. रॅम डीडीआर४ ३२००, ८ × २. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई, कंपनी आणि मॉडेल. कार्ड आरएक्स ६६०० ८ जीबी, कंपनी आणि मॉडेल. एसएमपीएस ५५० वॅट ब्रॉन्झ, कंपनी आणि मॉडेल. प्रत्येक ओळीसमोर वॉरंटीची वर्षं आणि "नवीन". शेवटी जीएसटीसह एकूण. मॉडेल लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

## ११. कुठून घ्यायचं

नवी पेठेतल्या दुकानात भाव थोडा जास्त लागेल, पण बिघाड झाला की पीसी उचलून नेता येतो आणि समोर माणूस असतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर इथे निवड मोठी आणि भाव कमी मिळू शकतो. नातेवाईक हैदराबादला असणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना ते सोयीचंही पडतं. पण वॉरंटीसाठी तिथल्या दुकानाची गरज पडणार की कंपनी थेट सर्व्हिस सेंटरला घेते, हे आधी विचारा. माझं मत: कार्ड, प्रोसेसर, एसएसडी जिथे स्वस्त तिथून घ्या, एसएमपीएस आणि बोर्ड शक्यतो सोलापुरातून.

भाव फारच कमी सांगितला तर माल परदेशातून परस्पर आणलेला असू शकतो, ज्याला भारतात वॉरंटी नसते. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव आणि एमआरपीचं लेबल आहे का बघा. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्याच नव्हे, पार्टवरच्या नंबराशी जुळवा.

जुनं कार्ड घेत असाल तर चालू पीसीत लावून, जीपीयू-झेडवर नाव बघून आणि अर्धा तास जड गेम चालवूनच पैसे द्या. नाव बदललेली कार्डं हे सॉफ्टवेअर बऱ्याचदा पकडतं. आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८एसपी हे कमी कोरचं कार्ड विकलं जातं, तेही तिथेच कळतं. जुना एसएमपीएस मात्र कोणत्याही भावात घेऊ नका.

तपासा: ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा.

## १२. जोडणीच्या दिवशी आणि पहिल्या आठवड्यात

कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का, हे जोडणाऱ्याला विचारा; ती तशीच राहणं हे नव्या पीसी तापण्याचं नेहमीचं कारण आहे. चार स्लॉटच्या बोर्डावर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मॉनिटरची केबल कार्डाला, बोर्डाला नाही. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. रॅमची जुळवाजुळव चालू असते, घाबरून वीज तोडू नका.

चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ स्वतः निवडा. १४४ चा मॉनिटर ६० वर वर्षभर वापरणारे लोक आहेत. सीपीयू-झेड, जीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून प्रत्येक पार्ट बिलाशी जुळवा. मग एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून दुपारी, खोली तापलेली असताना, तासभर तुमचा सगळ्यात जड गेम खेळा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही ८५ अंशांच्या आत राहिले तर ठीक. वर गेले तर आधी बाजूचं झाकण उघडून पुन्हा बघा: झाकण उघडल्यावर दहा अंश उतरले तर दोष कॅबिनेटच्या हवेत आहे, उतरले नाहीत तर कूलर नीट बसलाय का ते तपासा.

यूपीएसचीही परीक्षा याच आठवड्यात घ्या. गेम चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा आणि पीसी तग धरतो का बघा. नाही धरला तर दुकानदाराकडे बदलून घ्यायची वेळ हीच.

धूळ झटकताना ब्लोअर मारण्याआधी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. झोताने तो प्रमाणाबाहेर गरगर फिरला की बेअरिंग जातं. आणि बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याच दिवशी फोटो काढून स्वतःला मेल करा, कारण उन्हाळ्यात ती अक्षरं पुसट होतात आणि बऱ्याच पार्टची वॉरंटी तीन वर्षांची असते.